कॅमेरा कुणाच्या हातात?

पंक रॉक म्हणजे गोऱ्या पोरांचा धिंगाणा, असं आपलेच काही मित्र म्हणतात. त्यांनी लंडनच्या सुरुवातीच्या पंकवरचा १९७८चा 'द पंक रॉक मूव्ही' पाहावा. तो बनवणारा डॉन लेट्स जमैकाहून आलेल्या आईबापांचा काळा पोरगा. १९७७ला तो रॉक्सी क्लबात रेकॉर्डी लावायचा. पंकच्या रेकॉर्डी तेव्हा फारशा निघालेल्याच नव्हत्या, म्हणून त्याने रेगे वाजवलं आणि गोरी पोरं त्यावर डोलली. त्याच क्लबात साध्या सुपर एट कॅमेऱ्यावर त्याने हे सगळं टिपलं. आज जगाला लंडनचं पंक दिसतं ते बरंचसं या काळ्या माणसाच्या नजरेतून.

आणि आपण? विलास घोगरेंनी १९९७ला रमाबाई नगरच्या गोळीबारानंतर जीव दिला. त्यांच्यापासून सुरू होणारा 'जय भीम कॉम्रेड' आनंद पटवर्धनांनी केला, चांगलाच केला. पण तो आपल्यातल्या कुणी का केला नाही, हे आम्ही विचारणारच. पैसा नव्हता, खरंय. आता मात्र खिशात सुपर एटपेक्षा भारी फोन आहे, आणि १४ एप्रिलला त्यावर आपण डीजेपुढचे स्वतःचेच रील काढतो. वस्तीतल्या म्हाताऱ्या शाहिराच्या कॅसेटी कपाटात सडताहेत. येत्या रविवारी त्याच्या घरी जा.