पहिल्या तासाचे औषध

आमचे आजोबा दौंडला रेल्वेत होते. १९४८ साली यार्डात पडून त्यांच्या नडगीचे हाड मोडले आणि कातडी फाडून बाहेर आले. हाड जुळले, पण जखम आतून चिघळली ती कायमची. दर पावसाळ्यात पायातून पू वाहायचा आणि आजी मुकाट्याने फडकी उकळीत बसायची. पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना स्थापन झाला तो १९५४ साली!

गेल्या माघात शिरूरच्या माझ्या भाच्याची मोटारसायकल न्हावऱ्याजवळ उसाच्या ट्रॉलीवर आदळली. तेच हाड, तशीच जखम! कोणी हळद आणायला धावले. पण एका जाणत्या शेतकऱ्याने त्यांना थांबवले, जखमेवर स्वच्छ धोतराचे फडके बांधले, पायाला फळीचा आधार दिला आणि १०८ ला फोन लावला. शिरूरच्या डॉक्टरांनी फोटोबिटो काढायच्या आधी शिरेतून प्रतिजैविकाचे इंजेक्शन दिले, धनुर्वाताची सुई टोचली आणि मग पुण्याला धाडले.

“अहो डॉक्टर, जखम पिकली नाही, तोच औषध?” ताईने विचारले.

“पिकू नये म्हणूनच!” ते म्हणाले.

मातीतले जंतू हाडाशी बिऱ्हाड थाटण्यापूर्वी, शक्य तर तासाभरात, औषध तेथे पोचावे लागते. अमेरिकेत पॅट्झाकिस प्रभृतींनी १९७४ साली असे रुग्ण तपासले. प्रतिजैविक न दिलेल्यांत शेकडा सुमारे १४ जणांची जखम चिघळली. सेफॅलोस्पोरिन दिलेल्यांत शेकडा २ च्या आसपास. अर्थात नुसत्या औषधाने भागत नाही. पुण्यात भाच्याची जखम सलाईनने भरपूर धुतली, मेलेले मांस कापून काढले, तेव्हा कुठे हाड बसवले.

तिसऱ्या दिवशी इंजेक्शने बंद झाली. ताई पुन्हा हवालदिल! “निदान पंधरा दिवस गोळ्या तरी द्या!” डॉक्टरांनी समजावले, “जखम स्वच्छ आहे. उगाच लांबवले तर रक्षण वाढत नाही. औषधाला न जुमानणारे जंतू मात्र शिल्लक राहतात.”

मी मराठीचा मास्तर. ‘वरातीमागून घोडे’ ही म्हण वर्गात वर्षानुवर्षे समजावीत आलो. तिचा खरा अर्थ मला यंदा कळला.

परवा शिरूरला गेलो, तर भाचा आकाशकंदील टांगायला शिडीवर चढलेला. ताई खालून ओरडत होती. माझे लक्ष मात्र त्याच्या नडगीवरच्या वणाकडे होते. लांबलचक होता, पण अगदी कोरडा.