घरी न पोचलेलं पत्र

फेब्रुवारी २०१५. पूर्व लंडनमधल्या बेथनल ग्रीन भागातल्या एका शाळेतली मुलगी दोन महिन्यांपूर्वी घर सोडून सीरियाला गेली होती. पोलिसांना तिच्या मैत्रिणींचे रीतसर जबाब घ्यायचे होते. मुली अल्पवयीन, म्हणून पालकांची परवानगी हवी. पोलिसांनी पालकांच्या नावे पत्रं तयार केली आणि दिली मात्र मुलींच्याच हातात. मुलींनी ती घरी दाखवली नाहीत. १७ फेब्रुवारीला शमीमा बेगम, कदीझा सुलताना आणि अमिरा अबासे या तिघींनी गॅटविक विमानतळावरून इस्तंबूलचं विमान पकडलं. दोघी १५ वर्षांच्या, एक १६ वर्षांची. तिथून त्या सीरियात, ‘इसिस’च्या ताब्यातल्या मुलखात गेल्या. पत्रं नंतर घरात सापडली.

पुढे जे झालं ते आपण सगळ्यांनी अनेकदा पाहिलं आहे. पालक म्हणाले, पोलिसांनी आम्हाला थेट का सांगितलं नाही? पहिली मुलगी सीरियाला गेली हेच आम्हाला माहीत नव्हतं. लंडनच्या पोलिसप्रमुखांनी पत्र पालकांपर्यंत पोचलं नाही याबद्दल संसदेच्या समितीसमोर दिलगिरी व्यक्त केली. मग एका मुलीचे वडील काही वर्षांपूर्वी एका जहाल निदर्शनात सामील झाले होते, याचा व्हिडिओ बाहेर आला आणि बोट पालकांकडे वळलं. कुणी शाळेला दोष दिला, कुणी ट्विटरला, कुणी मशिदींना, कुणी सरकारच्या युद्धनीतीला. प्रत्येकाला दुसऱ्याचा दोष अगदी स्पष्ट दिसत होता.

ही लंडनची गोष्ट मी का सांगतोय? कारण मी कल्याणच्या जवळ राहतो आणि शाळेत शिकवतो. मे २०१४ मध्ये कल्याणचे चार तरुण इराकमधल्या पवित्र स्थळांच्या यात्रेला जाणाऱ्या गटातून बगदादला गेले आणि तिथून गायब झाले. ते शाळकरी नव्हते, विशीतले होते. चांगल्या घरातले, शिकलेले. बातमी आली तेव्हा आमच्याकडे पहिली प्रतिक्रिया होती, ‘आपली मुलं असं करणारच नाहीत.’ दुसरी होती, ‘हे सगळं कुणीतरी रचलेलं आहे.’ तिसरी दबक्या आवाजात, ‘आता आपल्याला कुणी भाड्याने घर देणार नाही.’ त्या मुलांना कोण भेटत होतं, ते रात्री काय वाचत होते, त्यांच्या डोक्यात काय चाललं होतं, हे कुणी विचारत नव्हतं. मीही नाही.

त्यानंतर काही महिन्यांनी नववीच्या वर्गात मधल्या सुट्टीत एक मुलगा माझ्याकडे आला. हातात फोन. “सर, हे खरं आहे का?” सीरियातला व्हिडिओ होता. बॉम्बने उद्ध्वस्त झालेली इमारत, ढिगाऱ्यातून काढलेलं लहान मूल आणि शेवटी कुणीतरी विचारत होतं की, तुम्ही घरी बसून काय करताय. मी इकडेतिकडे पाहिलं. कुणी ऐकत तर नाही ना? मग म्हणालो, “फोन आत ठेव. असलं काही शाळेत आणायचं नाही. आणि घरीही बघायचं नाही.” त्याने मान डोलावली आणि निघून गेला.

तो मुलगा कुठेही गेला नाही. डिप्लोमा केला, आज नोकरी करतो. दोन वर्षांपूर्वी एका लग्नात भेटला तेव्हा मी त्याला तो प्रसंग आठवून विचारलं. तो हसला आणि म्हणाला, “सर, तुम्ही उत्तर दिलं नाही, पण दुसऱ्याने दिलं. एका ग्रुपवर एक भाईजान होता. रोज बोलायचा. तुझे सर, तुझे अब्बा सगळे घाबरट आहेत म्हणायचा. तीन-चार महिने मी त्याचं ऐकत होतो.” मग काय झालं? “त्याने सांगितलं, आपलं बोलणं अम्मीला कळता कामा नये. मला ते बरोबर वाटलं नाही. मी अम्मीला सांगितलं.”

त्या रात्री मला झोप लागली नाही. बिर्याणी खाता खाता, सहज सांगावं तसं तो सांगत होता. पण त्या तीन-चार महिन्यांत त्याने अम्मीला सांगितलं नसतं तर? तेव्हा टीव्हीवर बसून ‘जबाबदार कोण’ अशी चर्चा करणाऱ्यांच्या यादीत माझं नाव कुठेच आलं नसतं. मी काही गुन्हा केला नव्हता. फक्त एका पोराच्या प्रश्नाला घाबरलो होतो.

म्हणून जबाबदारीबद्दल मला जे वाटतं ते सरळ सांगतो. आपण दोष आणि जबाबदारी या दोन गोष्टींची गल्लत करतो. दोष कुणाचा, हे ठरवणं कोर्टाचं काम. त्यात पहिलं नाव भरती करणाऱ्याचं, याबद्दल मनात शंका नको. १५ वर्षांच्या मुलीला नवऱ्याचं आणि जन्नतचं स्वप्न दाखवून युद्धात ओढणारा माणूस गुन्हेगार आहे. आपल्याकडेही बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम ८३ नुसार, केंद्र सरकारने घोषित केलेल्या सशस्त्र गटाने १८ वर्षांखालच्या मुलाला भरती केलं तर सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाख रुपये दंड आहे. कायदा तिथे मुलाकडे आधी बळी म्हणून पाहतो.

पण एकाचा दोष सिद्ध झाला म्हणून बाकीचे सुटत नाहीत. शमीमा बेगमच्या खटल्यात हे फार ठळकपणे दिसलं. २०१९ मध्ये ती सीरियातल्या छावणीत सापडली. तिची तिन्ही मुलं दगावली. ब्रिटनने तिचं नागरिकत्व काढून घेतलं. २०२३ मध्ये तिथल्या विशेष न्यायाधिकरणाने म्हटलं की, लैंगिक शोषणासाठी तिची तस्करी झाल्याचा विश्वासार्ह संशय आहे, आणि तिला जाऊ देण्यात सरकारी यंत्रणांकडूनही कर्तव्यात कसूर झाली असू शकते. तरीही नागरिकत्व काढण्याचा निर्णय त्यांनी कायम ठेवला, आणि २०२४ मध्ये वरच्या कोर्टानेही तोच कायम केला. मला तो निर्णय पटत नाही. शाळेतून निघून गेलेल्या मुलीला जन्मभूमीचं दार कायमचं बंद करणं म्हणजे प्रश्न दुसऱ्याच्या अंगणात ढकलणं आहे. पण तिची बाजू घेताना मी हेही विसरू शकत नाही की, ती ज्यांच्यात गेली त्यांनी ऑगस्ट २०१४ मध्ये सिंजारच्या यझिदी बायकामुलींना गुलाम करून विकलं होतं, आणि हजारो मुसलमानांनाही मारलं होतं. त्या यझिदी मुलींमध्ये शमीमाच्या वयाच्याही होत्या. ती फसवली गेली हे खरं, आणि मोठी झाल्यावर तिला स्वतःच्या निवडीचा जाब द्यावा लागेल हेही खरं. तो जाब घेण्याची जागा कोर्ट आहे, आणि कोर्टापर्यंत तिला पोचू द्यायला हवं.

आता आपल्या समाजाबद्दल. अशी घटना घडली की आपल्याला विचारतात, ‘तुम्ही निषेध केला का?’ मला या प्रश्नाचा संताप येतो. लंडनच्या मुलीचा हिशोब कल्याणच्या शिक्षकाने का द्यायचा? आणि निषेध झाला नाही, असंही नाही. सप्टेंबर २०१४ मध्ये जगभरच्या शंभराहून अधिक उलमांनी बगदादीला खुलं पत्र लिहून त्याचा एकेक दावा खोडून काढला. २०१५ मध्ये मुंबईतून पुढाकार घेऊन भारतातल्या हजाराहून अधिक उलमा आणि मुफ्तींनी ‘इसिस’विरुद्ध फतव्यावर सह्या केल्या. पण नववीतल्या त्या पोराने यातलं काहीच वाचलं नव्हतं. त्याच्या फोनवर ते आलंच नाही. आपण निषेध करतो तो बाहेरच्यांना ऐकवण्यासाठी. घरातल्या मुलाशी मात्र बोलत नाही. हे पत्रही घरी पोचत नाही.

न बोलण्यामागे भीती आहे, आणि ती खोटी नाही. सप्टेंबर २००६ च्या मालेगाव बॉम्बस्फोटांनंतर मुस्लिम तरुणांना अटक झाली. ते कित्येक वर्षं तुरुंगात राहिले आणि २०१६ मध्ये विशेष न्यायालयाने त्यांना आरोपमुक्त केलं. गेलेली वर्षं कुणी परत दिली नाहीत. ज्या बापाने हे पाहिलंय, तो मुलाच्या फोनवर काही भलतंच दिसलं तर पोलिस ठाण्यात जाईल का? तो फोन फोडेल, मुलाला दोन थोबाडीत देईल आणि गप्प बसेल. म्हणून सरकारची जबाबदारी फक्त पाळत ठेवण्याची नाही. मदत मागायला आलेल्या आईबापाला आरोपीचे आईबाप म्हणून वागवलं जाणार नाही, एवढा विश्वास कमावणं हीसुद्धा तिचीच जबाबदारी आहे.

हे होऊ शकतं. डिसेंबर २०१५ मध्ये पुण्यातली एक १६ वर्षांची मुलगी ऑनलाइन संपर्कातून सीरियाला जायच्या विचारात असल्याचं महाराष्ट्र एटीएसला कळलं. तिला तुरुंगात टाकलं नाही. घरच्यांना विश्वासात घेतलं, समुपदेशन केलं, धर्माच्या जाणकारांची मदत घेतली. मुलगी घरीच राहिली. लंडनच्या त्या मुलींच्या घरी हेच पोचायला हवं होतं.

शेवटी तुमच्याशी बोलायचं आहे. तुम्ही १८-२० वर्षांचे असाल, तर या साखळीत तुमची जागा माझ्यापेक्षा महत्त्वाची आहे. मित्र बदलतोय हे अब्बांना कळायच्या कितीतरी आधी तुम्हाला कळतं. त्याने अचानक जुने मित्र सोडले, आईच्या नमाजातही चुका काढायला लागला, फोन उलटा ठेवायला लागला, हे तुम्ही पाहता. त्याला चिडवू नका, ग्रुपमधून काढून टाकू नका. एकटा पडला की समोरच्या भाईजानचं काम सोपं होतं. त्याच्यासोबत चहा प्या, त्याचा राग ऐकून घ्या. जगात अन्याय आहे असं तो म्हणेल तेव्हा ‘नाही’ म्हणू नका, कारण अन्याय आहे. त्याविरुद्ध लढण्यासाठी वकिली आहे, पत्रकारिता आहे, मोर्चा आहे, मतपेटी आहे, हे सांगा. आणि कुणी त्याला ‘घरी सांगू नकोस’ म्हणत असेल, तर त्याच दिवशी त्याच्या घरच्या अशा माणसाला सांगा जो हात उगारणार नाही. ही चुगली नाही. त्या क्षणी तो तुमच्यावर चिडेल, कदाचित वर्षभर बोलणार नाही. चिडलेला मित्र परत मिळतो.

मी माझ्यापुरतं एक ठरवलं आहे. आता वर्गात कुणी फोन घेऊन आला आणि “सर, हे खरं आहे का?” असं विचारलं, तर मी आजूबाजूला बघत नाही. खुर्ची ओढतो आणि म्हणतो, “बस. दाखव काय आहे ते.” सगळी उत्तरं मला येत नाहीत. पण तो पुढचा प्रश्नही मलाच विचारतो.