ठेव गावाची, पुरावा कंपनीचा

लोहगडवाडीच्या माथ्यावर लोहगड उभा आहे आणि शेजारी, गायमुख खिंडीपलीकडे, त्याहून उंच विसापूर. १८१८ च्या मार्चमध्ये इंग्रजांनी आधी विसापूर घेतला आणि दुसऱ्याच दिवशी लोहगडच्या शिबंदीने न लढता गड सोडला. स्वतःचा तट कितीही भक्कम असो, शेजारच्या उंचीवर शत्रू चढला की त्याचा उपयोग संपतो, हा त्या पराभवाचा धडा होय.

आज तो धडा कष्टकऱ्यांच्या ठेवींना लागू पडतो. गडावर येणाऱ्यांना पिठलं-भाकरी रांधून घालणारी बाईही आता पैसे मोबाईलवर घेते. तिच्या खात्याचा हिशेब शाखेतील खतावणीत नसतो. बँकेच्या स्वतःच्या संगणकातही तो असेलच असे नाही. लहान सहकारी व ग्रामीण बँकांना स्वतंत्र यंत्रणा परवडत नाही. म्हणून त्यांपैकी अनेकींचे व्यवहार क्लाऊडवर, म्हणजे दुसऱ्याच्या मालकीच्या, दूर कोठेतरी असलेल्या भाड्याच्या सर्व्हरवर चालतात.

याचा परिणाम ३१ जुलै २०२४ रोजी दिसला. टाटा कन्सल्टन्सी आणि स्टेट बँक यांच्या भागीदारीतील सी-एज या कंपनीवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला. नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने तिला देयक यंत्रणेपासून तोडले आणि तिच्यावर विसंबलेल्या सुमारे तीनशे लहान बँकांच्या ग्राहकांचे व्यवहार अडले. दुसऱ्या दिवशी ते सुरळीत झाले. देशाच्या एकूण देयकांत या बँकांचा वाटा जेमतेम अर्धा टक्का, असे सांगून मोठ्या वृत्तपत्रांनी समाधान मानले. त्या अर्ध्या टक्क्यात कोणाची मजुरी आणि कोणाचे दुधाचे पैसे होते, हे विचारण्याची गरज त्यांना भासली नाही. शिरकाव सी-एजशी संबंधित तिसऱ्याच एका कंपनीच्या सदोष मांडणीच्या सर्व्हरमधून झाला, असे एका खासगी सुरक्षा कंपनीने मांडले. म्हणजे पडला तो विसापूर. दारे बंद झाली ती तीनशे लोहगडांची.

अशा गुन्ह्याचा तपास करावयाचा कसा? घरफोडीत पोलीस पंचनामा करतात, हत्यार जप्त करतात. क्लाऊडमध्ये जप्त काय करणार? एकाच यंत्रावर अनेक ग्राहकांचे काम चालते. ते उचलून नेले तर निरपराधांचे व्यवहार बंद पडतात. हल्लेखोरही खोट्या नावाने तासाभरासाठी असाच सर्व्हर भाड्याने घेतो, काम उरकतो आणि तो पुसून टाकतो. उरतात त्या नोंदी, आणि त्या असतात कंपनीच्या ताब्यात. केंद्राच्या सर्ट-इन यंत्रणेने २८ एप्रिल २०२२ च्या आदेशान्वये घटना सहा तासांत कळविणे आणि नोंदी १८० दिवस जपणे बंधनकारक केले आहे. परंतु तक्रार एका ठाण्यातून दुसऱ्या ठाण्यात फिरण्यातच १८० दिवस सरू शकतात. सर्व्हर परदेशी असेल तर परस्पर कायदेशीर साहाय्याच्या पत्रव्यवहारात याहून अधिक काळ जातो.

नोंद मिळाली तरी न्यायालयात ती टिकली पाहिजे. जालन्याच्या निवडणूक वादातील अर्जुन पंडितराव खोतकर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रतीसोबत प्रमाणपत्र अनिवार्य ठरविले. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार त्यावर यंत्रणेची जबाबदारी असणाऱ्याची आणि तज्ज्ञाची सही लागते. अट योग्यच आहे. परंतु जिच्या निष्काळजीपणाचा संशय, तिच्याच सहीवर पुरावा अवलंबून, अशी ही विलक्षण स्थिती आहे.

बँकेची यंत्रणा पुण्यातच असताना काय घडले तेही आठवावे. ऑगस्ट २०१८ मध्ये कॉसमॉस सहकारी बँकेतून ९४ कोटींहून अधिक रक्कम लुटली गेली. २८ देशांतील एटीएममधून पैसे निघाले. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने अकरा जणांना दोषी ठरविले. ते प्रामुख्याने बनावट कार्डे वापरून पैसे काढणारे हात होते. डोके समुद्रापलीकडेच राहिले.

त्यात नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्राने सर्ट-इनला माहिती अधिकाराच्या कक्षेतून वगळले. सुरक्षेची काही माहिती गुप्त ठेवावी लागते, हे आम्हास मान्य आहे. परंतु ठेवीदाराला आपली ठेव कोणाच्या चुकीने धोक्यात आली हेही कळू नये, याला सुरक्षा म्हणत नाहीत. ते कंपन्यांना दिलेले अभय आहे.

पुन्हा खतावणीकडे चला, असे आमचे म्हणणे नाही. यंत्र आमचे शत्रू नव्हे. प्रश्न त्याच्या मालकीचा आणि उत्तरदायित्वाचा आहे. रिझर्व्ह बँकेने ८ डिसेंबर २०२३ रोजी वित्तीय क्षेत्रासाठी क्लाऊड सुविधा उभारण्याचे जाहीर केले. तिचा लाभ सर्वांत आधी लहान सहकारी बँकांना परवडणाऱ्या दरात मिळाला पाहिजे. नोंदींची एक प्रत सार्वजनिक यंत्रणेकडे खटला संपेपर्यंत सुरक्षित राहिली पाहिजे. जिल्हा पोलिसांना कंत्राटी नव्हे, कायम तज्ज्ञ मिळाले पाहिजेत, आणि प्रत्येक मोठ्या हल्ल्यानंतर तपासाचा सारांश ठेवीदारांपुढे आला पाहिजे.

येत्या वार्षिक सभांत आपल्या कार्यकर्त्यांनी उठून एवढेच विचारावे: आमचा हिशेब कोणाच्या सर्व्हरवर आहे, आणि उद्या चोरी झाली तर पुरावा कोणाच्या हाती असेल? संचालक मंडळाला याचे उत्तर देता येत नसेल, तर करार वाचून दाखविण्याची मागणी करावी. सभासद हा सहकारी बँकेचा मालक आहे, आणि आपल्या घराची किल्ली कोणाकडे आहे हे विचारण्याचा मालकाला पूर्ण अधिकार आहे.