पियानो, पेटी आणि मर्ढेकरांची लय

मर्ढेकरांचे लयतत्त्व आम्ही दोघे गेली पंधरा-सोळा वर्षे शिकवत आलो आहोत. आमच्यापैकी एक जण काव्य शिकवतो, दुसरी साहित्यशास्त्र. पण 'सौंदर्य आणि साहित्य' (१९५५) या ग्रंथापाशी दोघांचेही तास एकमेकांना येऊन मिळतात. कलाकृतीतील घटकांची रचना संवाद, विरोध आणि समतोल या तीन तत्त्वांनी होते, हे विधान आम्ही फळ्यावर लिहितो आणि उत्तरपत्रिकांतून ते जसेच्या तसे आमच्याकडे परत येते. दोन वर्षांपूर्वी तेरहून एसटीने येणाऱ्या एका विद्यार्थ्याने तास संपताना विचारले, "सर, ही लय कुठं ऐकायला मिळंल का?" प्रश्न साधा होता आणि आमच्याजवळ उत्तर नव्हते. लय हा शब्द मुळात कानाचा. ज्या गोष्टीवर आम्ही इतकी वर्षे गुण दिले, ती एकदाही ऐकवली नव्हती.

त्या प्रश्नाचे उत्तर शोधताना आम्ही ज्या संगीतापाशी पोहोचलो, ते पाश्चात्त्य अभिजात परंपरेतील एकल पियानोचे संगीत होते. धाराशिव जिल्ह्यात राहून हे सांगताना थोडा संकोच वाटतो. आमच्या पाहण्यात या जिल्ह्यात एकही पियानो नाही, आणि आम्हा दोघांपैकी कोणालाही तो वाजवता येत नाही. तरीही आमचे मत असे झाले आहे की, साहित्याच्या विद्यार्थ्याला रचना म्हणजे काय हे समजून घ्यायचे असेल, तर या संगीतासारखी दुसरी शाळा क्वचितच मिळेल.

ख्याल का नको, असे कोणी विचारील. ख्याल हवाच. परंतु ख्याल मैफलीत घडतो. बंदिश तीच असली तरी आजची बढत उद्या नसते. पियानोची रचना मात्र कवितेसारखी लिहिलेली असते. तिला ठरलेली संहिता असते, वाजवणारा एकटा असतो, आणि आधाराला शब्द नसतात. कवितेत आपण अर्थाचा हात धरून आकृतीला टाळू शकतो. इथे तशी पळवाट नाही. जे काही आहे ते स्वरांच्या मांडणीतच आहे, आणि पुनर्वाचन करावे तसे तिच्याकडे पुनःपुन्हा जाता येते.

पळवाट नाही असे म्हटले, पण माणसाने एक काढलीच आहे. ती म्हणजे गोष्टी. बीथोव्हनचा 'मूनलाइट सोनाटा' हे त्याचे ठळक उदाहरण. १८०१ सालच्या या रचनेला चांदण्याचे नाव बीथोव्हनने दिलेले नाही. त्याने तिला 'जवळजवळ कल्पनाविलासच असा सोनाटा' अशा अर्थाचे शीर्षक दिले होते. लुडविग रेल्श्टाब या समीक्षकाला पहिला भाग ऐकून चांदण्यातले सरोवर आठवले, आणि तेव्हापासून जग ते सरोवरच ऐकत आले. हे संगीत आम्ही पहिल्यांदा वर्गात लावले, तेव्हा आम्हीही नाव आधी सांगण्याची चूक केली. विद्यार्थ्यांनी लिहून दिलेल्या टिपणांत चंद्र होता, विरह होता, नदीकाठ होता. मार्गदर्शिकेतला भावार्थच त्यांनी संगीताला लावला होता. दोष त्यांचा नव्हता. आम्हीच त्यांना तसे वाचायला शिकवले होते.

दुसऱ्या खेपेला आम्ही तेरच्या त्याच विद्यार्थ्याला त्याच्या वडिलांची पेटी आणायला सांगितले. ते गावच्या भजनी मंडळात पेटी धरतात. गोरोबाकाकांच्या गावात अशा पेट्या काही कमी नाहीत. पेटी टेबलावर ठेवली आणि चित्र पालटले. पियानोच्या आणि पेटीच्या पट्ट्यांची मांडणी एकच आहे: सप्तकात सात पांढऱ्या, पाच काळ्या. हा सोनाटा ज्या स्वरावर उभा आहे तो म्हणजे आपली 'काळी एक'. पहिल्या भागाच्या आरंभी सतत फिरणारे तीन स्वर पेटीच्या भाषेत पंचम, षड्ज आणि कोमल गंधार. त्यांच्याखाली खर्जात हळूहळू उतरणारे लांब स्वर. थोड्या वेळाने वर जी सुरावट उमटते, तीही एकाच पंचमावर थांबत-थांबत सुरू होते. एवढे बोटाने दाखवल्यावर चांदणे आपोआप मावळले आणि मुले ऐकू लागली.

मग तिसरा भाग लावला. तो अतिशय द्रुत आणि आवेगी आहे. खालून वर झेपावणाऱ्या स्वरांच्या लाटा आणि प्रत्येक लाटेच्या टोकाला दोन जोरदार आघात. एका मुलीने मध्येच हात वर केला: "मॅडम, स्वर तेच आहेत की!" तेच होते. पहिल्या भागात जे तीन स्वर जपून, हलक्या हाताने फिरत होते, तेच इथे उसळत होते. सामग्री एक हा संवाद. गती आणि बळ उलटे हा विरोध. आणि या दोन टोकांच्या मध्ये शुद्ध गंधाराचा, त्याच काळी एकवर उभा असलेला छोटासा दुसरा भाग, ज्याच्यामुळे दोन्ही बाजूंचा भार तोलला जातो. अर्थात हे संगीत मध्ये-मध्ये आपला षड्ज बदलते, ही आपल्या कानाला अडचण आहेच. पण आधारस्वर कोठून निघाला आणि कोठे परतला एवढे ध्यानात ठेवले तरी पुरते. मर्ढेकरांच्या तीन संज्ञा त्या दिवशी पहिल्यांदा आमच्या वर्गात ऐकू आल्या.

पेटीने एक गोष्ट उघड केली तशी एक उणीवही दाखवली. पेटी वाजवताना एक हात भात्यावर असतो. पट्ट्यांवर उरतो एकच हात. म्हणून आपला कान एका सुरावटीमागे जायला सरावलेला आहे. पियानोवर दोन्ही हात मोकळे असतात, आणि या संगीताचे निम्मे बोलणे डाव्या हातात असते. ते ऐकू येत नाही तोवर 'कळत नाही' ही तक्रार खरीच असते. यावर उपाय म्हणून आम्ही बाखची 'गोल्डबर्ग व्हेरिएशन्स' ही १७४१ मध्ये प्रसिद्ध झालेली रचना घेतली. ती मुळात पियानोच्या आधीच्या हार्पसिकॉर्ड या वाद्यासाठी लिहिलेली आहे, पण आज पियानोवर सर्रास वाजवली जाते. आरंभी एक संथ आरिया, मग तीस रूपांतरे, आणि शेवटी तीच आरिया पुन्हा. गंमत अशी की, रूपांतरे आरियाच्या वरच्या सुरावटीची नाहीत. ती तिच्या खालच्या, खर्जातल्या चालीची आहेत. वरचे ऐकत बसणाऱ्याला तीस तुकड्यांत काहीच नाते दिसत नाही. म्हणून पहिल्या दिवशी वर्गात एक जण चक्क झोपला. झोप न येणाऱ्या एका सरदारासाठी ही रचना झाली अशी एक शंकास्पद आख्यायिका आहे. तिला आमच्या वर्गाने तेवढा दुजोरा दिला.

तिसऱ्या दिवशी आम्ही वरचे विसरायला सांगून केवळ खालची चाल गुणगुणायला लावली, आणि मग रूपांतरे लावली. नात्याचा धागा सापडू लागला. कीर्तनाची सवय असलेल्या मुलांना हे उमगायला वेळ लागला नाही. बुवा मूळ अभंग घेतात, निरूपणात कुठल्या कुठे जातात, आणि शेवटी पुन्हा त्याच चरणावर येतात. तेव्हा चरण तोच असतो, ऐकणारा तो राहिलेला नसतो. बाखच्या शेवटच्या आरियाचेही तेच आहे. एकही स्वर बदललेला नाही, आणि तरी ती पहिली आरिया नव्हे. ग्लेन गूल्ड या कॅनेडियन वादकाने ही रचना १९५५ मध्ये आणि पुन्हा १९८१ मध्ये ध्वनिमुद्रित केली. दुसरे वादन पहिल्याहून सुमारे बारा मिनिटे लांब आहे. संहिता एक आणि वाचने दोन, हे समीक्षेतील सूत्र शिकवायला यापेक्षा चांगले साधन आम्हाला माहीत नाही.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप 'हे आपले नव्हे' असा आहे. त्याला उत्तर पेटीच देते. हार्मोनियम फ्रान्समधून आली. पॅरिसच्या अलेक्झांद्र दबँ याने १८४० च्या दशकाच्या आरंभी तिचे पेटंट घेतले. पुढे कलकत्त्यात तिचे हातभात्याचे, जमिनीवर बसून वाजवण्याजोगे रूप झाले. ती 'आपली' नाही, तिच्यात मींड निघत नाही, तिचे स्वर श्रुतींशी जुळत नाहीत, अशा कारणांनी रेडिओने १९४० साली तिच्यावर बंदी घातली आणि ती शिथिल व्हायला १९७१ उजाडले. आक्षेप खोटे नव्हते. पेटीत मींड खरोखर निघत नाही. पण त्याआधीच गोविंदराव टेंबे यांनी एकल पेटीवादनाला प्रतिष्ठा मिळवून दिली होती, आणि पुढे मराठवाड्याच्याच मातीतल्या अप्पा जळगावकरांनी (१९२२–२००९) त्याच अडचणीच्या पट्ट्यांतून रसिकांना तृप्त केले. आज भजनी मंडळातली पेटी परकी आहे असे म्हणायचे धाडस कोण करील? दुसरीकडे, विष्णु दिगंबरांचे शिष्य प्रा. बी. आर. देवधर यांनी मुंबईत पाश्चात्त्य संगीताचेही शिक्षण घेतले. त्यामुळे त्यांचे हिंदुस्थानी संगीत उणे झाले नाही. आपलेपण जन्मखुणेने ठरत नाही, सहवासाने ठरते.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे, आणि तो आमच्या एका सहकाऱ्यानेच घेतला. दुष्काळी जिल्ह्यातली ही मुले; कोणाचे आईवडील ऊसतोडीला जातात, कोणाला पदवीनंतर काय या चिंतेने झोप नाही. त्यांना पियानो ऐकवणे हा तुमचा शौक नव्हे काय? आम्ही या प्रश्नावर पुष्कळ दिवस विचार केला. पियानोने नोकरी मिळत नाही हे उघड आहे. पण मर्ढेकरांनीही मिळत नाही, ज्ञानेश्वरीनेही मिळत नाही. तरी त्या आम्ही शिकवतो. शिवाय ज्या मोबाइलवर मुले सारे जग पाहतात, त्यावरच या सर्व रचना फुकट ऐकता येतात. त्यांना अडवणारी गोष्ट पैसा नाही. 'हे तुमच्यासाठी नाही' असे आधीच कोणीतरी ठरवून टाकले आहे, ही आहे. ते ठरवणाऱ्यांत शिक्षक असावेत, हे आम्हाला मान्य नाही. खरा अभिजनवाद तोच.

शेवटी एका रचनेविषयी लिहून थांबतो. १८२१-२२ मध्ये लिहिलेला बीथोव्हनचा बत्तिसावा आणि अखेरचा पियानो सोनाटा. त्याचे भाग दोनच. पहिला वादळी, 'पांढरी एक'वर कोमल गंधाराचा. दुसरा त्याच षड्जावर, पण शुद्ध गंधाराचा, अतिशय संथ. तिसरा भाग का नाही याच्याही गोष्टी आहेत. त्या इथे सांगत नाही. दुसऱ्या भागात एक साधी सुरावट येते आणि मग तिची रूपांतरे. मूळ लय तीच ठेवा अशी सूचना बीथोव्हन करतो, पण मात्रेच्या पोटातले भाग वाढत जातात. पखवाज ऐकून वाढलेल्या मुलांनी हे आमच्याआधी ओळखले. दुगुण-चौगुणीचा हिशेब त्यांच्या अंगात आहे. नंतर मात्र असे काही होते की, हिशेब सुटतो. स्वर वरच्या सप्तकांत जातात आणि दोन शेजारच्या पट्ट्या अखंड थरथरत राहतात.

या थरथरण्याचे कारण आम्हाला तेरच्या त्या विद्यार्थ्याच्या वडिलांनी सांगितले. पेटी न्यायला ते एकदा स्वतः आले होते. मागच्या बाकावर बसून त्यांनी हा सगळा भाग ऐकला. पियानोत हातोडी तारेवर आपटते आणि त्या क्षणापासून स्वर मरू लागतो, हे आम्ही त्यांना सांगितले. ते म्हणाले, "म्हंजी ह्याला भाता नाही. म्हणून बोटानं जागवत ठेवलाय सूर." पियानोच्या संगीतावर आम्ही जे काही थोडे वाचले आहे, त्यात इतके नेमके वाक्य आम्हाला आढळले नाही. मरणारा स्वर जागता ठेवण्याची धडपड, आणि ती धडपडच रचनेचा कळस होणे. भात्याची किंमत ठाऊक असलेल्या माणसाला ते एका ऐकण्यात दिसले.

आम्हाला हे संगीत समजले असा आमचा दावा नाही. पण 'समजणे' या शब्दाचा आमचा अर्थ बदलला आहे. या वर्षी मर्ढेकरांची कविता शिकवताना आम्ही भावार्थ शेवटी ठेवला. आधी विचारले: परत काय येते, कुठे येते, आणि परत येताना काय घेऊन येते? उत्तरे चुकतमाकत आली, पण ती मुलांची स्वतःची होती. साहित्य शिकवणाऱ्या आमच्या मित्रांना एवढेच सुचवावेसे वाटते: लयीच्या व्याख्येचा तास जेव्हा येईल, तेव्हा खडू जरा खाली ठेवावा आणि वर्गाला काहीतरी ऐकवावे. नाव मात्र आधी सांगू नये.