कातडं कुणाचं जळालं?

दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात एक गॅमा यंत्र होतं. परदेशातून आणलेलं, पोटात कोबाल्ट-60. 1985 नंतर त्याला कुणी हात लावला नाही. 2010 च्या फेब्रुवारीत विद्यापीठानं ते लिलावात भंगार म्हणून विकून टाकलं. मायापुरीच्या भंगारबाजारात कामगारांनी ते फोडलं. बाहेरच्या शिशाला भाव. आत काय, ते त्यांना सांगणार कोण? डॉक्टरेटवाल्यांनी हात झटकलेले.

दोस्तहो, हा चटका विस्तवासारखा नसतो. विस्तव शिवताच बोलतो, हा गप्प बसतो. कातडीच्या तळाशी नवी कातडी घडवणाऱ्या पेशी तो मारतो. वरून काही दिवस सगळं धड दिसतं. मग लाली, मग फोड, मग कातडी काळी पडून झडते नि खाली न भरणारी जखम. एकानं कापलेला तुकडा पाकिटात ठेवला, पाकीट मागच्या खिशात. त्याचं ढुंगण सडलं. हसू नका. बाकीच्यांचे हात भाजले, केस गळाले. एप्रिलच्या अखेरीस एक कामगार मेला.

आता म्हणणारे म्हणतात, कामगार अडाणी, उघडलं कशाला? वा रे न्याय! ज्याला कोबाल्ट-60 म्हणजे काय ते ठाऊक, त्यानं विकलं ती चूक. ज्याला ठाऊक नाही, त्यानं फोडलं तो अडाणीपणा. किरणोत्सारी कचरा परवानगीशिवाय काढता येत नाही, हा नियम 1987 पासून आहे. त्याच साली ब्राझीलच्या गोयानियात बंद दवाखान्यातलं यंत्र भंगार वेचणाऱ्यांनी असंच उचललं, चार माणसं मेली. म्हणजे जगाला ठाऊक होतं. विद्यापीठाला नव्हतं?

मायापुरीतल्या त्या माणसांची जात आम्ही विचारलेली नाही. पण या देशात उकिरडा उपसायचं काम कुणाच्या वाट्याला येतं, ते तुम्हाला सांगायला नको. ग्रंथालयाचं दार आपल्याला उशिरा उघडलं, मागच्या दारानं टाकलेला कचरा मात्र वेळेवर पोचतो.

आपल्यातली जी पोरं सायन्सला आहेत त्यांनी पिवळ्या पाटीवरचं ते काळं तीन पात्यांचं चिन्ह स्टेन्सिलवर कोरावं. खाली मराठीत नि हिंदीत लिहावं : हे दिसलं तर फोडू नका, दूर व्हा, पोलिसांना कळवा. आपापल्या गावच्या भंगारबाजारात प्रत्येक टपरीवर चिकटवा. आणि जवळच्या कॉलेजात जाऊन प्राचार्यांना लेखी विचारा, तुमच्या कपाटात काय काय पडलंय?