बो बांधलेला पंक्तिभेद

गळ्याला गाठ आवळून माणसाला चालवत नेण्याची ठिकाणं जगात दोनच. एक फाशीचा तक्ता आणि दुसरं क्रूझच्या बोटीवरचं रात्रीचं जेवण. फरक इतकाच, की पहिल्या ठिकाणी गाठ सरकारी खर्चाने दुसरा कोणीतरी मारून देतो. दुसऱ्या ठिकाणी ती स्वतःच्या खर्चाने, स्वतःच्या हाताने, कपाटाएवढ्या केबिनमध्ये हलत्या आरशासमोर उभं राहून मारावी लागते. शिवाय फाशीच्या आधी शेवटची इच्छा विचारतात. बोटीवर तीही पद्धत नाही. मला विचारली असती तर मी ‘लेंगा’ म्हणून सांगितलं असतं.

लेकीने आणि जावयाने आमच्या लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाला भूमध्य समुद्रातल्या सात रात्रींच्या सफरीची तिकिटं हातात ठेवली, तेव्हापासून हा विषय माझ्या डोक्यात आहे. बोट कोणत्या कंपनीची ते सांगत नाही, कारण माझं भांडण बोटीशी नाहीच. बोट उत्तम होती. तरंगत होती. बोटीकडून याहून जास्त अपेक्षा ठेवू नये. माझं भांडण आहे ते रोज केबिनमध्ये येऊन पडणाऱ्या पत्रकाशी. त्यात उद्या कोणतं बंदर आहे हे बारीक अक्षरात आणि आज संध्याकाळी अंगात काय घालायचं हे ठळक अक्षरात लिहिलेलं असे.

या पोशाखाच्या तीन जाती. कॅज्युअल, स्मार्ट कॅज्युअल आणि फॉर्मल. पैकी स्मार्ट कॅज्युअल म्हणजे नेमकं काय, हे मी तीन जणांना विचारलं. तिघांनी तीन उत्तरं दिली, पण माझ्या बुशशर्टकडे बघून ‘हे नव्हे’ एवढं तिघांनीही एकमुखाने सांगितलं. उपनिषदांनी ब्रह्माचं वर्णन ‘नेति नेति’ असं केलंय म्हणतात. स्मार्ट कॅज्युअलचा साक्षात्कारही त्याच मार्गाने होतो.

फॉर्मलच्या रात्री मात्र शंकेला जागा नाही. काळा डिनर जॅकेट, पांढरा शर्ट, बो, आणि हौस असेल तर कमरेला कमरबंद. हा कोट म्हणजे शिष्टाचाराचा कळस, असं आपल्याला वाटतं. पण याची जन्मकथा ऐकण्यासारखी आहे. इंग्लंडचा प्रिन्स ऑफ वेल्स, म्हणजे पुढचा सातवा एडवर्ड, याने १८६५ साली लंडनच्या हेन्री पूल या शिंप्याकडून मागे शेपटं नसलेला आखूड कोट शिवून घेतला. का? तर शेपटांच्या कोटात जेवताना अवघडायला होतं म्हणून! म्हणजे ज्या कोटासाठी आज मला दारात अडवतात, तो मुळात घरगुती जेवणाला सैल बसावं म्हणून शिवलेला. राजपुत्राचा लेंगाच म्हणा ना. पुढे न्यूयॉर्कजवळच्या टक्सिडो पार्क क्लबातल्या मंडळींनी तो उचलला आणि अमेरिकेत त्याचं नाव टक्सिडो पडलं. एका पिढीचा आळस दुसऱ्या पिढीचा शिष्टाचार होतो, तो असा.

कमरबंद तर आपलाच. हिंदुस्थानातल्या उकाड्यात जाकीट सहन होईना, म्हणून गोऱ्या अधिकाऱ्यांनी आपल्याकडची कमरपट्टी उचलली. उलट, या रात्री जेवणघरात जीनच्या कपड्यांना बंदी. त्याच कुळातल्या ‘डंगरी’ या कापडाचं नाव पडलं ते आपल्या मुंबईच्या डोंगरीवरून. दर्यावर्दी खलाश्यांनी वर्षानुवर्षं तेच जाडंभरडं कापड अंगावर वागवलं. म्हणजे बोट चालवणाऱ्याचे कपडे बोटीवर चालत नाहीत!

‘राष्ट्रीय पोशाख चालेल’ अशी सवलत पुष्कळ कंपन्या देतात. आमच्याही पत्रकात ती होती. मी स्वागतकक्षात जाऊन विचारलं, “धोतर चालेल का?” तिथल्या मुलीने धोतर म्हणजे काय ते विचारलं. मी हातवारे करून सांगितलं. ती बराच वेळ विचार करून म्हणाली, “पायजम्यासारखं असतं का? मग नाही चालणार. ते झोपायचे कपडे.” पायजमा हा शब्दसुद्धा त्यांनी आपल्याकडूनच नेला, आणि नेऊन झोपवला!

सौ.ला यातला एकही प्रश्न पडला नाही. तिने पहिल्या फॉर्मल रात्री पैठणी नेसली आणि जेवणघरात पाऊल टाकलं. चार मडमा उठून पदर बघायला आल्या. साडीपुढे जगातला कोणताही पोशाखाचा नियम हात जोडून उभा राहतो. तिच्या मागून मी जावयाच्या मित्राचा काळा कोट घालून गेलो. एका म्हातारीने मला पाण्याचा जग आणायला सांगितलं. मी आणून दिला. तिचा तरी काय दोष? त्या दालनात वाढणारे आणि जेवणारे यांच्या गळ्यांत एकच काळी गाठ होती.

टेबलावर बसलो तर ताटाच्या दोन्ही बाजूंना ओळीने हत्यारं मांडलेली. मला दसऱ्याच्या शस्त्रपूजेची आठवण झाली. बाहेरून आत यायचं, हा त्यातला नियम जावयाने आधीच पढवून ठेवला होता. आम्ही आपले पाच बोटांनी जेवणारे. बोटांत बाहेरचं कोणतं आणि आतलं कोणतं हा प्रश्न आमच्या कुळात कोणाला पडला नव्हता.

या बाबतीतला आपला सर्वांत मोठा अधिकारी पुरुष म्हणजे मोहनदास करमचंद गांधी. ४ सप्टेंबर १८८८ रोजी अठरा वर्षांचा हा मुलगा मुंबईहून ‘क्लाइड’ बोटीने विलायतेला निघाला. काट्या-चमच्याने जेवता येत नाही, कोणत्या पदार्थात मांस नाही ते विचारायचा धीर होत नाही, म्हणून तो जेवणाच्या टेबलावर गेलाच नाही. बरोबर नेलेल्या मिठाईवर आणि फळांवर केबिनमध्येच भागवलं. बोटीवर काळा सूट वापरला आणि उतरताना झोकात उतरावं म्हणून राखून ठेवलेला पांढऱ्या फ्लॅनेलचा सूट साउदॅम्प्टनला अंगावर चढवला. सप्टेंबर संपत आलेला. त्या बंदरावर पांढऱ्या कपड्यातला तो एकटाच! हे सगळं त्यांनी स्वतःच आत्मचरित्रात लिहून ठेवलंय. हेच गांधी १९३१ साली गोलमेज परिषदेला ‘राजपुताना’ बोटीने दुसऱ्या वर्गातून गेले ते पंचा नेसून, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात बकिंगहॅम राजवाड्यात पंचम जॉर्जच्या चहापानालाही त्याच वेषात हजर झाले. मधल्या त्रेचाळीस वर्षांत विलायतेचे रिवाज फारसे बदलले नव्हते. माणूस बदलला होता. पण मनासारखे कपडे घालून जेवायला बसण्यासाठी आधी महात्मा व्हावं लागत असेल, तर आम्ही काय करावं? आम्हाला तर पंचाही नको होता. नुसता बुशशर्ट हवा होता.

आता इथे आमचे शेजारी नाना हटकून म्हणतात, “अरे, त्यांची बोट, त्यांचे नियम. तुला नसेल मानवत तर जाऊ नये.” नानांचं म्हणणं वरवर चोख आहे. आपल्या घरी आलेल्याने चपला बाहेर काढाव्यात असं आपणही म्हणतोच. पण चपला बाहेर काढण्यामागे घरात घाण येऊ नये हे कारण आहे. बो बांधण्यामागे कोणतं? नाना म्हणतात, “शोभा.” शोभाच हवी असेल तर मला बसवू नये, फुलदाणी ठेवावी.

खरं कारण शोभेचं नाही. आपल्याकडे त्याला नेमका शब्द आहे: पंक्तिभेद. माझ्या लहानपणी आजोळी सोवळ्यातली पंगत वेगळी, ओवळ्यातली वेगळी, आणि पंगतीलाच बसू न दिलेल्यांची अंगणातली पत्रावळ त्याहून वेगळी. तिथे जेवायला बसताना सदरा काढून मुकटा नेसावा लागे, इथे सदऱ्यावर कोट चढवावा लागतो. एक काढायला लावतो, दुसरा चढवायला लावतो, पण दोघांचा धंदा एकच. आत कोण आणि बाहेर कोण हे कपड्यावरून ठरवायचं. मुकटा नेसलेला माणूस मनाने कितीही ओवळा असला तरी चाले. पोटात भेद तोच, फक्त त्याने आता बो बांधलाय.

कोणाला हे अतिशयोक्त वाटेल. त्यांनी कनार्ड कंपनीच्या बोटींचा नकाशा पाहावा. केबिनला किती पैसे मोजले त्यावर जेवणघर ठरतं. सगळ्यांत महागड्यांना क्वीन्स ग्रिल, त्याखालच्यांना प्रिन्सेस ग्रिल, उरलेल्यांना ब्रिटानिया. संध्याकाळी सहानंतर नीट कपडे करावेत असा शिरस्ता, आणि ज्याला नटायचं नसेल त्याला ठरावीक जागाच मोकळ्या. ते निदान हे सगळं आधी छापून सांगतात. आमच्या आजोळी छापलेलं नव्हतं, पण सगळ्यांना पाठ होतं.

आणि गोऱ्यांना तरी काय बोलायचं? १९८८ साली मुंबईच्या विलिंग्डन क्लबाने एम. एफ. हुसेन यांना अनवाणी आले म्हणून आत घेतलं नाही. २०१४ साली चेन्नईच्या क्रिकेट असोसिएशनच्या क्लबात मद्रास उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींना वेष्टी, म्हणजे धोतर, नेसल्याबद्दल दारातून परत पाठवलं. त्याच वर्षी तामिळनाडू विधानसभेने कायदा करून ही अडवणूक गुन्हा ठरवली. साहेब जाऊन सदुसष्ट वर्षं झाली होती. क्लबाला कोणी कळवलं नसावं.

नियम मोडला तर बोट बुडेल म्हणावं, तर तसंही नाही. नॉर्वेजियन क्रूझ लाइनने २००० साली ठरलेल्या वेळा, ठरलेली टेबलं आणि सक्तीचा थाट हे सगळं सोडून दिलं. त्यांच्या बोटी अजून तरंगताहेत. ज्याला बो बांधायची हौस आहे त्याने खुशाल बांधावा. मी मुंडावळ्या बांधलेल्यालाही हसत नाही. मात्र हौसेची सक्ती झाली की तिची वर्दी होते.

बोटीवरचे काही नियम मात्र मला शंभर टक्के मान्य आहेत. जेवणघराच्या दारात एक मुलगी गाणं म्हणत म्हणत सगळ्यांना हात धुवायला लावायची. नोरोव्हायरसची साथ बोटीवर शिरली की हां हां म्हणता पसरते, म्हणून. या नियमाला कारण आहे. गंमत अशी, की बो चोख बांधलेले तीन गृहस्थ हात न धुता आत घुसताना मी पाहिले. त्यांना कोणी अडवलं नाही. मी धुतलेल्या हातांनी, पण बुशशर्टात असतो, तर अडवलं असतं.

दुसरा नियम निघतानाच्या कवायतीचा. १३ जानेवारी २०१२ च्या रात्री ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ इटलीच्या जिल्यो बेटाजवळ खडकावर आपटली, तेव्हा पुष्कळ प्रवासी जेवायला बसले होते. त्याच संध्याकाळी चढलेल्या प्रवाशांची कवायत व्हायची होती. ३२ माणसं गेली. त्यांत एक आपल्या मुंबईकडचा वेटर होता. त्यानंतर नियम कडक झाला. बोट सुटण्याआधी किंवा सुटताक्षणी कवायत झालीच पाहिजे. आम्हीही केली. लाइफजॅकेट कसं बांधायचं ते दाखवलं. केशरी रंगाचं, जाडजूड, कोणाच्याही अंगाला शोभणार नाही असं. पण ते सगळ्यांना एकच होतं. महागड्या केबिनवाल्याला, स्वस्तवाल्याला, वाढणाऱ्याला आणि भांडी घासणाऱ्याला. समुद्राचा पोशाखाचा नियम हा एवढाच.

आमच्या टेबलावर वाढायला वेंगुर्ल्याचा एक मुलगा होता. दुसऱ्या दिवशी सौ.चं मराठी कानावर पडल्याबरोबर त्याने हळूच विचारलं, “काकी, तुमी खंयचे?” तिसऱ्या दिवसापासून माझ्यापुढे न मागता लिंबाची फोड आणि हिरवी मिरची यायला लागली. शेजारच्या टेबलावरचे एक गृहस्थ, कोट असा की इस्त्रीलाही लाज वाटावी, याच मुलाला चुटकी वाजवून बोलवायचे. एकदा सूप गार म्हणून त्यांनी त्याला सगळ्यांसमोर झापलं. मुलगा वाकून “सॉरी सर” म्हणाला आणि दुसरं घेऊन आला. त्या गृहस्थांच्या पोशाखात नियमाप्रमाणे काही कमी नव्हतं.

शेवटच्या रात्री मी त्याला विचारलं, “बाबा रे, हा बो तुला रोज बांधावा लागतो. कंटाळा नाही येत?” तो हसला. म्हणाला, “सवय झाली काका. आठ म्हयने बांधूचो. घराक गेल्यार पयली लुंगी.”

आठ महिने! आम्ही दोन रात्री बांधून कुरकुरलो. सभ्यता कपड्यांत असती, तर त्या दालनातला सर्वांत सभ्य माणूस तोच ठरायला हवा होता, आणि तो तसा होताही. पण त्याला कोणी बसायला खुर्ची दिली नसती.

म्हणून क्रूझवाल्यांना माझी एक सूचना आहे. आपल्याकडच्या जुन्या खाणावळींतून पाट्या असायच्या. त्यांची भाषा जरा फटकळ, पण मुद्दा पक्का. तशी एक पाटी जेवणघराच्या दारावर लावावी. ‘हात धुऊन आत यावे. पानात टाकू नये. वाढणाऱ्यास चुटकी वाजवून बोलावू नये. अंगभर कपडे असावेत, कोणते ते आम्ही विचारणार नाही.’

एवढं पाळणाऱ्याला कोणत्याही टेबलावर बसू द्यावं. आणि न पाळणाऱ्याला, त्याचा बो कितीही सरळ असला तरी, केबिनमध्ये मिठाई खायला पाठवावं.