खटारा आणि खानदान

माणसाचे बारसे आत्या करते, मोटारीचे रस्ता करतो. १९५४ साली कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून इटालियन घराण्याची ‘फियाट ११००’ बाहेर पडू लागली, आणि कंपनीच्या कागदोपत्री तिचे नाव काहीही असो, मुंबईकरांनी तिला एकच नाव बहाल केले : डुक्कर! पुढे आलेले नाकाड, बुटका बांधा, फुगीर पाठ आणि एकंदर गोलमटोल प्रकृती. दुसरे नाव सुचणार तरी कोठून? आपल्या मराठीत नाव ठेवणे आणि नावे ठेवणे यांत एका मात्रेचे अंतर आहे. मुंबईकरांनी तेवढेही राखले नाही.

त्यात त्यांचा दोष नव्हता, त्यांच्या डोळ्यांचे वळणच निराळे होते. जनरल मोटर्सने १९२८ पासून शिवडीला अमेरिकन गाड्यांची जुळणी सुरू केली होती. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर कंपनीनेही आरंभ केला तो डॉज, प्लिमथ आणि डिसोटो या अगडबंब अमेरिकन मोटारींच्या जुळणीने. गाडी म्हटली म्हणजे हातभर लांब बॉनेट, चकाकणारी जाळी, आत शिरल्यावर दिवाणखान्यात बसल्याचा भास, असे समीकरण ठरून गेलेले. या सरदारांच्या पंगतीला ही इटालियन ठेंगणी येऊन उभी राहिली, तेव्हा लोक हसले. शिवाय तिची पुढली दारे उलटी उघडत, म्हणजे बिजागऱ्या मागे आणि कडी पुढे. धावत्या गाडीत कडी निसटली तर वारा दार बंद करण्याऐवजी सताड उघडी!

आणि आज? लग्नाच्या मांडवात साठी ओलांडलेल्या मंडळींच्या गप्पा ऐकाव्यात. “आमच्याकडे डुक्कर होती,” हे वाक्य “आमचा पुण्याला वाडा होता” याच सुरात उच्चारले जाते. जे नाव चेष्टेने पडले तेच आता पदवीसारखे मिरवले जाते. समोरचा ऐकणारा तेवढ्यासाठी किंचित सावरून बसतो, हेही मी पाहिले आहे.

ही केवळ आपल्याकडची तऱ्हा नव्हे. अमेरिकेत १९३४ साली क्रायस्लरने ‘एअरफ्लो’ नावाची मोटार काढली. वाऱ्याला अडवू नये म्हणून पुढून उतरती, अंगाने घासून गुळगुळीत केलेली. गिऱ्हाइकाने तिच्याकडे पाठ फिरवली आणि १९३७ मध्ये ती बंद करावी लागली. फोर्ड कंपनीने १९५७ साली मोठा गाजावाजा करून ‘एडसेल’ आणली. तिच्या तोंडावरची उभी जाळी पाहून लोकांना घोड्याच्या गळ्यातले जोखड आठवले आणि दोन-सव्वादोन वर्षांत तिचाही कारभार आटोपला. आज या दोघींची नावे मोटारशौकीन आदराने घेतात आणि ज्यांच्याकडे त्या आहेत ते त्यांना पावसाचा थेंब लागू देत नाहीत.

मला वाटते, मोटारीच्या आयुष्यात तीन अवस्था असतात : नवी, जुनी आणि पुरातन. नवीचे कौतुक, पुरातनाला मान. मरण असते ते मधल्या अवस्थेचे. १९५८ च्या ‘चलती का नाम गाडी’त तिघा भावांची ती जुनाट मोटार पडद्यावर आली की प्रेक्षक हसत. आज तशीच मोटार मरीन ड्राइव्हवरून निघाली तर तेच लोक, निदान त्यांची नातवंडे, फोटो घेण्यासाठी धावतील. गाडी तीच. मधल्या काळात तिच्या बहुतेक बहिणी भंगारात गेल्या, एवढाच फरक. राजेरजवाड्यांच्या गाड्यांना ही मधली अवस्था सोसावी लागली नाही, कारण राजवाड्यात जागेला तोटा नसतो. कोल्हापूरच्या दसऱ्याला छत्रपतींची मेबॅक अजून डौलाने निघते आणि गाव तिच्या दर्शनाला लोटते. मध्यमवर्गाची मोटार मात्र जिन्याखाली, झाडाखाली, आंब्याच्या चिकात आणि कावळ्यांच्या कृपाप्रसादात म्हातारी होते.

आता अमेरिकेच्या आणि आपल्या आठवणींत एक मोठा भेद आहे. जनरल मोटर्सने १९२७ साली रूपरंगाचे एक स्वतंत्र खातेच उघडले आणि हार्ली अर्ल नावाच्या गृहस्थांना त्याचे प्रमुख नेमले. गाडी चालते कशी यापेक्षा दिसते कशी, याचा विचार करण्याचा पगार मिळू लागला! शिंप्याने दर दिवाळीला कॉलर बदलावी तसे दरसाल गाडीचे रूप बदलू लागले, म्हणजे शेजाऱ्याची नवी गाडी पाहून आपली वर्षापूर्वीची शिळी वाटावी. याच अर्लसाहेबांच्या खात्याने एक लढाऊ विमान पाहून १९४८ च्या कॅडिलॅकला शेपटीकडे दोन लहान पंख फोडले. मग काय, चढाओढ लागली. १९५९ च्या कॅडिलॅकचे पंख इतके उंच झाले की गाडी आता उडते की काय असे वाटावे. त्यानंतर लोकांना त्यांचा कंटाळा आला आणि १९६५ च्या सुमारास ते पंख जवळजवळ नाहीसे झाले. त्यामुळे अमेरिकन माणसाची आठवण नेहमी सालासकट असते. तो नुसती ‘कॅडिलॅक’ म्हणत नाही, ‘एकोणसाठची कॅडिलॅक’ म्हणतो.

आपल्याकडे १९६४ मध्ये डुकराची जागा चौकोनी अंगाच्या ‘फियाट डिलाइट’ने घेतली. तिच्याही मागल्या अंगाला दोन बारके पंख होते, मोठ्या घरच्या साडीची नक्कल करून आणलेल्या काठासारखे. ही डिलाइट १९७२ मध्ये ‘प्रेसिडेंट’ झाली, १९७४ मध्ये ‘पद्मिनी’ झाली. मुलगी तीच, सासरची नावे तेवढी बदलत गेली. २००१ च्या सुमारास कारखान्यातून शेवटची पद्मिनी निघेपर्यंत ते पंख तसेच होते. म्हणजे अमेरिकेने टाकून दिलेली फॅशन आपल्या काळ्यापिवळ्या टॅक्सीच्या पाठीवर थेट २०२३ पर्यंत मुंबईभर हिंडत होती, आणि कुणाच्या ती लक्षातही आली नाही!

रूप बदलले नाही, कारण बदलण्याची कुणाला गरज नव्हती. परदेशी गाड्यांची आयात बंद, परवाने मोजक्यांना, आणि गिऱ्हाईक रांगेत. फियाट, उत्तरपाड्याची अँबेसडर, मद्रासची स्टँडर्ड हेरल्ड : निवड म्हणायची ती एवढीच. विलायतेतल्या मॉरिस ऑक्सफर्डचा अवतार असलेली अँबेसडर तर १९५७-५८ पासून २०१४ पर्यंत टिकली. १९८३ च्या डिसेंबरात मारुती आली तोवर आपली आवड-नावड विचारायला कुणी आलेच नव्हते.

म्हणून मला कधीकधी या गहिवराची गंमत वाटते. आपण ज्या रूपासाठी डोळे ओले करतो ते आपण निवडलेले नव्हते, पदरात पडलेले होते. त्या गाड्यांना खंडाळ्याचा घाट चढताना धाप लागे. अर्ध्या घाटात बॉनेट उघडून वाफ काढत, एका हातात फडके आणि दुसऱ्या हातात पाण्याचा डबा घेऊन उभे असलेले कुटुंबप्रमुख हा त्या घाटाच्या निसर्गसौंदर्याचाच एक भाग होता. पट्टे नाहीत, गारवा नाही, उन्हात तापलेल्या रेक्झिनवर बसताना तोंडातून निघणारा उद्गार छापण्याजोगा नाही. पण गिअरचा दांडा स्टिअरिंगपाशी असल्यामुळे पुढची बैठक सलग होती. त्या एका बाकावर बाबा, आई आणि मधे धाकटे, मागे आजी, आत्या, दोन मोठी मुले आणि फराळाचा डबा एवढी मंडळी मावत. आजच्या गाडीत प्रत्येकाला स्वतंत्र आसन आहे. मधे कुणाला बसवायची सोय नाही. लोकांना आठवते ते बहुधा ते मधले बसणे. पंखबिंख नंतरचे.

आमच्या इमारतीत एका वयोवृद्ध गृहस्थांची १९६९ ची डिलाइट उभी आहे. त्यांनी ती नोंदवली तेव्हा लग्न ठरत होते, दारात आली तेव्हा मुलगी पहिलीत होती. इतकी वर्षे तुम्ही ती जपलीत, याचे रहस्य काय, असे मी त्यांना एकदा मोठ्या भक्तिभावाने विचारले. ते म्हणाले, “जपली कसली? वीस वर्षांपूर्वी भंगारवाला सात हजार म्हणाला, मी आठावर अडलो. तो गेला तो परत आला नाही.” वारसा जतन करण्याच्या कामी एका हजाराच्या घासाघिशीने जेवढे केले तेवढे भल्याभल्या संस्थांना साधत नाही! आता तरुण जोडपी लग्नाआधी त्या गाडीला टेकून फोटो काढायला येतात. आणि ती हलवून जागा मोकळी करावी असा अर्ज ज्यांनी सोसायटीकडे केला, त्यांनीच मुलीच्या लग्नात दाराशी उभी करायला ती मिळेल का, म्हणून मागच्या महिन्यात हळूच चौकशी केली. यजमानांनी अर्जाची प्रत दाखवली आणि चहा पाजला.

सरकारनेही २०२१ मध्ये या पुरातन अवस्थेचे नियम केले. गाडी पन्नास वर्षांहून जुनी हवी आणि मूळ रूपात हवी, तर तिला ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी पाटी मिळते; नव्या नोंदणीचे शुल्क वीस हजार, मुदत दहा वर्षांची. प्रदर्शनाला, शर्यतीच्या फेरीला न्या. रोज कचेरीला नेऊ नका. आमच्या शेजाऱ्यांची डिलाइट या हिशेबात बसते. त्यांचे सात हजार वाचले म्हणायचे की वीस हजार गेले, हे त्यांच्या घरात अजून ठरलेले नाही.

पण माझा जीव अडकला आहे तो टॅक्सीत. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या कचेरीत नोंदली गेली. टॅक्सीला वयाची मर्यादा वीस वर्षे. त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून त्या रस्त्यावरून गेल्या. लाखो माणसे ज्या गाडीतून स्टेशनावर, इस्पितळात, बोहल्यावर आणि बाळंतपणाला गेली, ती आता मधल्या अवस्थेत आहे. ती शेवटची गाडी राहिलीच, तर पुरातन व्हायला २०५३ साल उजाडेल. तोवर तिला सांभाळायचे कुणी? टॅक्सीवाल्याजवळ राजवाडा नाही, आणि भंगारवाल्याशी घासाघीस करायची त्याची ऐपतही नाही.

बरे, २०५३ मध्ये तपासनीस येईल आणि ‘मूळ रूप’ शोधेल. त्याला डिकीत गॅसची टाकी दिसेल, आणि डिकी टाकीने अडवल्यामुळे ज्यावर ट्रंका-वळकट्या चढत ते टपावरचे कॅरिअर. आतल्या छताला वेलबुट्टीचे रेक्झिन, आरशाखाली देव, बाहेरच्या बाजूला मीटर बसवल्याच्या खुणा. यांतले काहीच कारखान्यातून आलेले नाही, तेव्हा नियमाप्रमाणे ती नापास. आणि पास व्हावी म्हणून हे सगळे उतरवून, खरवडून, एकरंगी करून ठेवली, तर राहील ती एक नीटनेटकी फियाट. तशी आमच्या अंगणात एक आहेच. तेव्हा कुणाच्या वाडीत, गॅरेजमागे अशी एखादी काळीपिवळी ताडपत्रीखाली उभी असेल, तर तिला रंग द्या, तेल द्या, हवे तर दिवाळीला झेंडूची माळ घाला. पण टपावरच्या कॅरिअरला हात लावू नका.